तिला तिचे तास घेऊ द्या



आपल्या पॅरिशमधली एक मुलगी टांझानियातल्या सिस्टरांच्या माध्यमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून गेली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली होती. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून सण आटोपताच ती परत गेली. तेव्हापासून मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्हा धर्मशिक्षकांच्या कानावर एकच तक्रार येते आहे: तिची पत्रं मिळमिळीत झाली.

पहिल्या वर्षी ती लाल मातीच्या वाटांबद्दल लिहायची, रात्रीच्या आवाजांबद्दल लिहायची. आता काय लिहिते? वह्या तपासल्या. पाणी भरून ठेवलं. अपूर्णांकांचा धडा तिसऱ्यांदा घेतला. यावरून कुणी म्हणतं, तिचा उत्साह ओसरला. कुणी तिच्या आईला सुचवतं, झाली तेवढी सेवा पुरे, आता लग्नाचं बघा. आणि एक सूचना तर बैठकीतच आली, की ऑक्टोबरमधल्या मिशन रविवारी पडद्यावर दाखवायला तिच्याकडून अनवाणी मुलांचे फोटो मागवावेत, म्हणजे दान चांगलं जमेल.

या तिन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही उघडपणे मांडतो.

आधी त्या मिळमिळीत पत्रांकडे नीट पाहू. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेत मुलं स्वाहिलीत शिकतात आणि माध्यमिक शाळेत पाऊल टाकलं की सगळे विषय इंग्रजीत येतात. काल ज्या मुलाला भागाकार येत होता, त्याला आज भागाकाराचा प्रश्नच कळत नाही. बेळगावच्या मराठी शाळेतून निघून कॉलेजच्या इंग्रजी वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. उत्तर डोक्यात असतं, पण ते सांगायला शब्द नसतो, आणि शब्द नाही म्हणून मूल गप्प राहतं. गप्प राहिलं की त्याला मठ्ठ ठरवतात. अशा मुलाला तोच धडा तिसऱ्यांदा शिकवणारी बाई हवी असते. आपल्याला कंटाळवाणं वाटणारं ते एक वाक्य त्या मुलाच्या आयुष्यातली मोठी घटना असू शकते.

दुसरं असं, की पहिल्यांदा जाण्यापेक्षा परत जाणं अवघड असतं. पहिल्या वेळी नवलाई माणसाला ओढून नेते. दुसऱ्या वेळी सगळं माहीत असतं: बादलीभर पाण्यात अंघोळ, मच्छरदाणी, वह्यांचा ढीग, आणि आपण नसतानाही शाळा व्यवस्थित चालली होती हे थोडं टोचणारं सत्य. आईच्या हातच्या जेवणाची चव अजून जिभेवर असते. वर्गात गेल्यावर मुलं उठून उभी राहतात, ‘शिकामो’ म्हणतात, ती ‘मराहाबा’ म्हणते, आणि फळा पुसून कामाला लागते. विमानतळावर आपण हार घातला तेव्हा तिची परीक्षा झाली नव्हती. ती आता चालू आहे, आणि नेमकी आताच आपण तोंडं फिरवतो आहोत.

स्वाहिली बोलणाऱ्यांचं घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतं. आपल्या सकाळच्या सातला ते पहिला तास म्हणतात आणि संध्याकाळच्या पाचला अकरावा. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण वर्षानुवर्षं ऐकतो आणि अकराव्या तासाला आलेल्यांवर चर्चा करतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनी मात्र कुरकुर केली म्हणून आपण त्यांना मोडीतच काढलं. मालकाने त्यांची कुरकुर अमान्य केली, पण त्यांचं काम काही नाकारलं नव्हतं. मळा दिवसभर कुणीतरी राखावाच लागतो.

आपल्या संतांकडेही आपण असंच अर्धवट पाहतो. संत फ्रान्सिस झेवियर म्हटलं की आपल्याला गोव्यातलं शवदर्शन आठवतं, लांबचे समुद्रप्रवास आठवतात. पण १५४२ मध्ये गोव्यात आलेला हा माणूस हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरायचा, मुलांना गोळा करायचा आणि त्यांच्याकडून त्याच त्या प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा. प्रवास मोठे होते, पण पोहोचल्यावरचं काम हे असं होतं.

आपल्या पंथाबाहेरचं उदाहरण घ्यायलाही आम्हाला संकोच नाही. अमेरिकेतून १८२७ साली मुंबईला आलेल्या मिस सिंथिया फरार यांची प्रकृती बिघडली आणि १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण दोन वर्षांनी त्या परतल्या, अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची त्यांची शाळा पाहिली आणि तिचा ठसा त्यांच्या मनावर उमटला. ज्या दिवशी ते आले, त्या दिवशी तिथे काही समारंभ असेल असं आम्हाला वाटत नाही. शाळा रोजच्यासारखी भरलेली असेल. ती रोज भरत होती, म्हणूनच पाहण्याजोगी होती.

आता फोटोंबद्दल. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलाचा फाटक्या सदऱ्यातला फोटो परक्या देशातल्या चर्चमध्ये दाखवून कुणी पैसे गोळा केले, तर आपल्याला चालेल का? आपण भांडायला उठू. मग त्या मुलांच्या आईवडिलांना अब्रू नाही काय? ती मुलं तिचे विद्यार्थी आहेत. आपल्या दानपेटीसाठी उभी केलेली चित्रं नव्हेत.

काही जण म्हणतात, तीन आठवड्यांचा सेवादौरा काढा, तरुणांना प्रेरणा मिळेल. प्रेरणा मिळते, हे आम्ही नाकारत नाही. पण तीन आठवड्यांत भाषा येत नाही, आणि भाषा न येणारा पाहुणा शाळेचं काम वाढवून परततो. त्याच्यासाठी खोली रिकामी करायची, गाणी बसवायची, तास मोडायचे. ज्याला बघायला जायचं असेल त्याने स्वखर्चाने खुशाल जावं, फक्त त्याला सेवा म्हणू नये.

एक प्रश्न मात्र रास्त आहे: शिकवायचंच असेल तर इथे मुलं कमी आहेत का? कमी नाहीत. तिथल्या स्थानिक शिक्षिका तयार झाल्या आणि तिची गरज संपली, तर तिने जरूर परत यावं. पण ते त्या शाळेने आणि तिने प्रार्थनापूर्वक ठरवायचं आहे. पत्रात मजा उरली नाही हे बोलावून घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जण आपल्या रविवारच्या वर्गाला शिकवायला येतात, तेही मोजावं.

मग आपण काय करायचं? बाळ येशूच्या संत तेरेजाने मठाबाहेर पाऊल न टाकता दूरच्या मिशनरी धर्मगुरूंसाठी प्रार्थना केली, त्यांना पत्रं लिहिली. १९२७ मध्ये ख्रिस्तसभेने तिला झेवियरच्या बरोबरीने मिशनची पालक संत केलं. तेवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. तिच्या वर्गाचं वेळापत्रक आम्ही मागवून चर्चच्या फलकावर लावणार आहोत. मंगळवारी गणिताचा तास असेल, तर मंगळवारी त्या तासासाठी प्रार्थना करा. महिन्याला एक पत्र लिहा, आणि त्यात ‘काही विशेष?’ असं विचारू नका. अपूर्णांक जमले का, ते विचारा.

नाझरेथमध्ये आपल्या प्रभूने सुतारकामात जी वर्षं घालवली, त्यांबद्दल शुभवर्तमानात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. पित्याला ती मिळमिळीत वाटली नाहीत.