आवाज आमचा, हक्क कुणाचा?

डोळ्यांनी वाचायचे पुस्तक आता कानांनी ऐकले जाऊ लागले आहे. २०१७ साली स्वीडनची ‘स्टोरीटेल’ ही कंपनी भारतात उतरली आणि मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणावर बोलकी होऊ लागली. पाठोपाठ प्रकाशक, जाहिरातवाले, यूट्यूब वाहिन्या असे सगळेच कामापुरता आवाज देणारे निवेदक शोधू लागले. या कामाला मुंबई-पुण्यातच राहिले पाहिजे अशी सक्ती नाही. माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात बसूनही एखादा तरुण किंवा तरुणी हे काम करू शकते. चळवळीतील प्रकाशक आणि विहार समित्यांनाही आपली पुस्तके बोलकी करावीशी वाटू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण आवाज घेणारा आणि आवाज देणारा यांच्यात व्यवहार कसा व्हावा, याचा विचार आपल्याकडे झालेला नाही. तो आताच झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचलेले ऐकणे आपल्या समाजाला नवे नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला, तेव्हा अक्षर ओळखणारे बोटांवर मोजण्याइतके होते. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशीच ती पत्रे वस्त्या-चाळींतून पोहोचली. आजही वर्षावासात विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि हे वाचन पुष्कळ ठिकाणी आपल्या माता-भगिनीच करतात. तीन-तीन महिने मोठ्याने, न अडखळता, ऐकणाऱ्याला समजेल असे वाचणारी माणसे आपल्याकडे आहेत. मग पुस्तक बोलके करायचे ठरले की आपल्याला शहरातला ‘शुद्ध’ आवाजच का लागतो?

निवेदक निवडताना पहिला घोळ येथेच होतो. उच्चार स्पष्ट हवेत, यात वाद नाही. पण स्पष्ट उच्चार आणि विशिष्ट पेठेतला हेल या दोन गोष्टी एक नाहीत. ‘जात’ हा शब्द घ्या. ‘तो गावाला जात आहे’ यातला ‘जात’ वेगळा आणि माणसाला जन्मापासून चिकटवली जाणारी ‘जात’ वेगळी! अक्षरे तीच, पण ‘ज’चा उच्चार दोन तऱ्हेचा. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. परप्रांतीय निवेदक किंवा संगणकाचा आवाज मात्र नेमका येथेच ठेचकाळतो. तसेच पाली गाथांचे, ‘पटिच्चसमुप्पाद’सारख्या शब्दांचे. म्हणून निवेदक नेमताना त्याच पुस्तकातील एक कठीण पान वाचायला द्या, अवघड शब्दांची उच्चारासह यादी सोबत द्या आणि मग निवड करा. आडनाव आणि गाव पाहून निवड करू नका.

दुसरा घोळ मोबदल्याचा. ‘नुसते वाचायचे तर आहे, त्याचे पैसे कसले?’ असे आपले कार्यकर्तेही म्हणतात. थोडा हिशेब करू. साठ हजार शब्दांचे पुस्तक मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचले तर ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. हे झाले अंतिम ध्वनिमुद्रण. ते तयार करताना जीभ अडखळते, कुत्रे भुंकते, वीज जाते. एका तासाचे स्वच्छ मुद्रण हाती येण्यासाठी दोन-तीन तास सहज खर्ची पडतात. श्रीपुरात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दिवसभर घरावरून धडधडत जातात. तेथे खोलीच्या भिंतींना गोधड्या लावून, पंखा बंद करून, मध्यरात्री बसून वाचावे लागेल. हे श्रम आहेत! बिगारीविरुद्ध लढलेल्या बाबासाहेबांचे नाव घेऊन कुणाकडून बिगारी करून घेण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. स्वेच्छेने कुणी दान म्हणून आवाज दिला तर त्याचे स्वागत करावे. पण ते दान आहे, हेही कागदावर लिहावे.

तिसरा आणि सर्वात गंभीर प्रश्न हक्काचा आहे. अनेक करारनाम्यांत बारीक टाइपात एक ओळ असते: सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर आणि कायमचे, कंपनीकडे. हातात दोन पैसे पडणार या आनंदात आपला तरुण त्याखाली सही ठोकतो. त्याने कायदा काय सांगतो ते आधी ऐकावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्या पंक्तीला डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणाराही बसवला आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांची कला कायद्याने हक्काची मानली! पुस्तक वाचणारा निवेदकही या व्याख्येत बसतो. हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर स्वामित्वधनाची तरतूद आली. सादरकर्ता म्हणून आपले नाव लागावे आणि आपल्या सादरीकरणाची बदनामीकारक मोडतोड होऊ नये, हे नैतिक हक्कही मिळाले.

हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणजे कायदा गप्प बसलेल्याचे थोडेफार रक्षण करतो. पण ‘कायमचे’ या शब्दाखाली सही करणाऱ्याला वाचवणे फार कठीण होते.

आता यात संगणकाच्या कृत्रिम आवाजाची भर पडली आहे. आठ तासांचे स्वच्छ मुद्रण हाती आले की त्यावरून निवेदकाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल तयार करता येते. मग पुढच्या पुस्तकाला माणसाची गरज उरत नाही! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम आदेशाने मनाई केली. पण प्रसिद्ध गायकाला उच्च न्यायालय गाठता येते. श्रीपूरच्या मुलीला ते परवडणार आहे काय? म्हणून तिचे संरक्षण करारातच असले पाहिजे: ‘हा आवाज फक्त या पुस्तकासाठी, त्यावरून कृत्रिम आवाज बनवता येणार नाही.’ ही एक ओळ लिहून घ्यायला वकील लागत नाही.

आवाज घेणाऱ्या आपल्या संस्थांनीही एक पथ्य पाळावे. पुस्तक वाचून घेण्याआधी ते वाचून घेण्याचा हक्क आपल्याकडे आहे का, हे तपासावे. बाबासाहेबांनी हयातीत प्रकाशित केलेले मूळ इंग्रजी लेखन, उदाहरणार्थ १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. मात्र महापरिनिर्वाणानंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली आले, त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत आहे. शिवाय मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. ज्याने रात्री जागून अनुवाद केला त्याला न विचारता त्याचे शब्द बोलके करणे, हाही अन्यायच होय. अंध बांधवांसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तक बोलके करायला मात्र २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. तिचा लाभ किती विहारांनी घेतला?

आमची सूचना साधी आहे. पुस्तक बोलके करायचे असेल तर एक पानाचा मराठी करार करा. त्यात पुस्तकाचे नाव, तयार तासाचा दर, आगाऊ रक्कम, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती दिवसांत, हक्काची मुदत, निवेदकाचे नाव कुठे लागणार आणि कृत्रिम आवाजाला बंदी, एवढ्या आठ गोष्टी असाव्यात. दोघांच्या सह्या, तारीख आणि प्रत्येकाकडे एक प्रत. कंपन्यांकडून न्याय मागण्यापूर्वी आपल्या संस्थांनी हा करार स्वतः अमलात आणावा. येत्या वर्षावासात विहारात जो वाचतो, जी वाचते, तिच्यापासूनच सुरुवात करा.

जय भीम!