साहेबांनीच आधी मन आवरावे!

नोकरमाणसाला एकाग्रतेचे पाठ देण्याची हल्ली टूमच निघाली आहे. कचेरीत व्याख्याते येतात. मोबाइल दूर ठेवा, मन आवरा, पहाटे ध्यानाला बसा, असे तासभर बजावतात आणि मानधन घेऊन जातात. व्याख्यान चालू असतानाच श्रोत्यांच्या खिशातले मोबाइल थरथरत असतात. पाहावे तो निरोप कुणाचा? साहेबांचा! ‘माल निघाला का? ताबडतोब कळवा.’

खापर मात्र कारकुनाच्या डोक्यावर. तो रील्स पाहतो, हे आम्हांला कबूल आहे. तो काही संत नव्हे. पण चव्हाट्यावर आपल्या पायाने जाणारा निराळा आणि बखोटीला धरून नेलेला निराळा.

आमच्या वसई-विरारकडचेच पाहा. वसई पूर्वेला वालीवच्या एखाद्या गाळ्यात कामगार पॉवर प्रेसवर बसलेला असतो. त्याला मागून हाक मारायची नाही, हे चहा घेऊन येणाऱ्यालाही ठाऊक असते. लक्ष चळले तर बोटे जातील! त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर बिले करणाऱ्या मुलीला मात्र दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी ग्रुपवर हटकतो. तिची बोटे जात नाहीत, एवढाच तिचा अपराध. जीएसटीच्या बिलात आकडा चुकला की रात्री आठपर्यंत बसते ती, आणि ‘तुझे कामात लक्ष नसते’ हे ऐकून घेते तेही तीच.

हे झाले कामाच्या वेळेतले. पुढे काय? विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली १८६७ साली. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी हे साठ किलोमीटर लोंबकळत, घामाघूम होत काढले. पण एक सुख होते. संध्याकाळी गाडी हलली की साहेबांची हाक फलाटावरच राहत असे. मग कुठे भजन रंगे, कुठे पत्ते पडत, बायकांच्या डब्यात भाजी निवडून होई. आता एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ‘होय सर’ लिहावे लागते. निळ्या खुणा उमटल्या, की पाहिलेच नाही म्हणण्याचीही सोय उरत नाही. रात्रीही विसावा न मिळालेले डोके सकाळी एकाग्र व्हायचे कुठून?

कामाच्या वेळेनंतर निरोपांपासून सुटका मिळावी म्हणून फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ साली मांडले, २०२५ साली पुन्हा मांडले. पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा दिल्लीकडे डोळे लावून कोण बसणार?

साहेब, विचारायचे ते सकाळी अकराला आणि दुपारी चारला एकदम विचारा. मध्येच आग लागली तर सरळ फोन करा. धंदा बुडेल म्हणू नका. टपालावर चाललेल्या पेढ्या उत्तराला आठ दिवस लागले म्हणून बुडाल्या नाहीत. आणि आरंभ यंदाच्या लक्ष्मीपूजनापासून करा. घरोघर पूजा चालू असताना ग्रुपवर मागची बाकी विचारू नका.