हिरवळ कोणाची?

गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते उंच कुंपण, दारावरचा पहारेकरी आणि सभासदत्वाची लांबलचक यादी. हा खेळ आधी गोऱ्या साहेबांचा, मग साहेबी थाटाच्या मंडळींचा. आपण तो फार तर टीव्हीवर पाहावा, असे आपण गृहीतच धरले आहे. कॅलिफोर्नियातले एक छोटेसे मैदान मात्र हा समज खोटा ठरवते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमा परगण्यात रशियन नदीचे खोरे आहे. पॅसिफिकवरून येणाऱ्या धुक्याच्या गारव्यात तेथे पिनो न्वार आणि शार्डोने ही द्राक्षे पिकतात. वाईनचे शौकीन दुरून तेथे येतात. याच खोऱ्यात, माँटे रिओ गावाजवळ, रेडवूडच्या गगनचुंबी झाडांमध्ये नॉर्थवूड हे नऊ होलचे गोल्फ मैदान आहे. सभासदत्वाची अट नाही, कुणाची शिफारस नको. शुल्क भरावे आणि खेळावे. चेंडू लांब टोलवण्यापेक्षा सरळ मारणाऱ्याचे येथे भले होते, कारण दोन्ही बाजूंना झाडे उभी! नऊच होल असल्याने खेळ लवकर आटोपतो आणि उरलेला दिवस घरच्यांना मिळतो.

गंमत अशी, की १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे मैदान आखले ते ॲलिस्टर मॅकेंझी यांनी. पेशाने डॉक्टर असलेल्या या ब्रिटिश गृहस्थांनीच कॅलिफोर्नियातले सायप्रस पॉइंट आखले आणि बॉबी जोन्स यांच्यासह जॉर्जियातले ऑगस्टा नॅशनलही. त्या दोन्ही ठिकाणी सामान्य माणसाला खेळायला मिळणे जवळजवळ अशक्य. हात तोच, कसब तेच; फरक आहे तो दाराचा.

आणि दार उघडे ठेवणे हे काही या खेळाच्या परंपरेविरुद्ध नाही. गोल्फचे माहेर म्हणजे स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज. तेथील ओल्ड कोर्स सार्वजनिक जागेवर आहे. एरवी दर रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात.

गोल्फवर आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत. हिरवळ राखायला जागा आणि पाणी भरपूर लागते. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या कॅलिफोर्नियात तर हा वाद जुनाच आहे. पण म्हणूनच प्रश्न विचारायला हवा, की एवढी जमीन, एवढे पाणी खर्च होणार असेल तर ते मूठभरांसाठी का?

द्राक्षांच्या आपल्या नाशकातही ‘गोल्फ क्लब’ नावाने ओळखले जाणारे मैदान आहे. तेथे रणजी सामने झाले आहेत, आणि रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. नाव क्लबचे, पाऊलवाट सर्वांची! शहरातली मोकळी जागा दिवसेंदिवस आक्रसत असताना, मैदान किती देखणे आहे यापेक्षा त्याचे दार किती जणांना उघडे आहे, यावरच त्याची किंमत ठरायला हवी.