बिनसाखरेची चॉकलेटं?

मैत्रिणींनो, शाळेत शिकवून मी दुपारी घरी येते न येते तोच धाकट्याचा धोशा सुरू होतो, “आई, चॉकलेट!” म्हणून मागच्या महिन्यात ती घरीच करायला घेतली.

बिया काढलेला मऊ खजूर १ वाटी, भाजून सोललेले शेंगदाणे पाऊण वाटी, कोको पावडर २ चमचे, चिमूटभर मीठ. दाण्याचं कूट जाडसरच ठेवा. मिक्सर फार फिरवलात तर तेल सुटतं. खजूर मळून त्यात सारं मिसळा आणि तुपाचा हात लावून सुपारीएवढ्या गोळ्या वळा. खजूर कोरडा निघाला तर चाळणीवर जरा वाफवा, पण पाणी घालू नका हं, गोळ्या टिकत नाहीत. एरवी फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात.

आता माझी चूक सांगते. “साखरेचा कणही नाही,” असं मीच फुशारकीनं म्हटलं आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंनी चार गोळ्या खाल्ल्या! तासाभरानं घरच्या यंत्रावर आकडा पाहिला आणि मी घाबरलेच. अहो, खजुराचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच! आता डबा वरच्या फळीवर असतो. मुलांना दिवसाला दोन, सासूबाईंना नुसते भाजके दाणे. त्या अजून रुसलेल्याच आहेत.