‘याप्य’ हा शब्द गेला कोठें?

आपल्या सुशिक्षित घरांत मोठ्या दुखण्याविषयीं बोलणें निघालें कीं दोनच वाक्यें कानीं पडतात : ‘आतां अगदीं बरा आहे’ किंवा ‘आतां कांहीं खरें नाहीं’. या दोहोंच्या मध्यें जो विस्तीर्ण मुलूख पसरला आहे आणि ज्यांत असंख्य माणसें वर्षानुवर्षें राहतात, त्यास आमच्या बोलण्यांत नांवच उरलेलें नाहीं. ही उणीव केवळ शब्दाची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु तिचें फळ रोग्यास भोगावें लागतें. आणि तें कसें, हें पाहावयाचें तर मल्टिपल मायलोमा या रोगाकडे पाहावें.

हा अस्थिमज्जेंतील कर्करोग होय. शरीरास संसर्गापासून राखणारीं प्रथिनें बनविणाऱ्या प्लाझ्मा पेशी त्यांत बेसुमार वाढतात, एकाच सांच्याचें निरुपयोगी प्रथिन रक्तांत सोडतात, हाडें पोखरतात, रक्त उणें करतात आणि मूत्रपिंडांस इजा पोंचवितात. औषधांनीं रोग कांहीं महिने दबला आणि प्रकृति सोसणारी असली म्हणजे मूलपेशींचें, लोकांच्या तोंडीं स्टेम सेलचें, प्रत्यारोपण सुचविण्यांत येतें. सारें घर त्यावर डोळे लावून बसतें. सुमारें शंभर दिवसांनीं फेरतपासणी होते. प्रथिन उतरलेलें असतें, पण नाहींसें झालेलें नसतें. लागलीच घरांत निकाल जाहीर होतो : ‘ट्रान्सप्लांट फेल गेलें!’ जणूं मॅट्रिकच्या परीक्षेंतच गृहस्थ नापास झाले!

हें वाक्य शास्त्रदृष्ट्या खोटें आहे. मायलोमांत बहुधा रोग्याच्याच मूलपेशी आधीं काढून गोठवून ठेवतात. मग मेलफॅलन हें औषध इतक्या मोठ्या मात्रेंत देतात कीं रोगपेशींबरोबर निरोगी मज्जाहि होरपळून निघते. आणि ठेवलेल्या पेशी शिरेवाटे परत देऊन ती मज्जा पुन्हां उभी करतात. म्हणजे रोगाशीं गांठ मेलफॅलनची. मूलपेशींचें काम रोग्यास त्या मात्रेंतून वांचविण्याचें. दोन-तीन आठवड्यांत नवें रक्त तयार होऊं लागलें कीं त्यांचें काम फत्ते झालें. मग रोग किती उतरला हा प्रश्न राहतो, आणि त्याच्या उत्तराला पायऱ्या आहेत : प्रथिन निम्म्यानें उतरलें तर अंशतः प्रतिसाद, शेंकडा ९० नें उतरलें तर उत्तम अंशतः प्रतिसाद, मुळींच न सांपडलें आणि मज्जाहि जवळजवळ स्वच्छ निघाली तर पूर्ण. हा ‘पूर्ण’ म्हणजेहि रोगमुक्ति नव्हे. त्या पायरीवर पोंचलेल्यांपैकीं बहुतेकांचा रोगहि पुढें केव्हां तरी परततो.

अमेरिकेंतील ‘डिटर्मिनेशन’ या चांचणीचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. एका गटास आरंभींच प्रत्यारोपण केलें. दुसऱ्यास औषधांवर ठेवून तें पुढें राखून ठेवलें. रोग न बळावतां अर्ध्या रोग्यांनीं ओलांडलेला काळ पहिल्या गटांत सुमारें ६७ महिने व दुसऱ्यांत ४६ महिने भरला. परंतु पांच वर्षांनीं हयात असलेल्यांचें प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखें, म्हणजे शेंकडा ८० च्या आसपास होतें. प्रत्यारोपण हें मोलाचें साधन आहे, त्यानें अवधि मिळतो. परंतु सारें आयुष्य त्याच एका खुंटीस टांगलेलें नाहीं. लेनॅलिडोमाइड, बोर्टेझोमिब, डाराटुमुमॅब अशीं औषधें पुढेंहि असतात. कांहींचें प्रथिन थोडें शिल्लक राहूनहि वर्षानुवर्षें जागचें हालत नाहीं. अर्थात् कडू तें आम्ही झांकीत नाहीं. ज्यांचा रोग लौकरच पुन्हां डोकें वर काढतो त्यांची वाट अधिक खडतर असते. हातापायांचा बधिरपणा, वरचेवर होणारा संसर्ग आणि थकवा हीं सोबत करतात. अगदीं नवे उपचार तर आपल्याकडील बहुतेक घरांच्या ऐपतीपलीकडचे आहेत.

अशा स्थितीस आपल्या पूर्वजांनीं नांव दिलें होतें. असाध्य रोगांतहि चरकसंहितेनें भेद केला : एक ज्यावर उपाय चालत नाहीं तो, आणि दुसरा याप्य, म्हणजे समूळ न जाणारा परंतु उपचारानें आवरून धरतां येणारा. पडावयास आलेल्या घरास नीट लावलेला टेकू जसा तें उभें ठेवतो, तसा याप्य रोग्यास उपचार सांवरतो, हा सुश्रुताचा दृष्टांत. मायलोमाच्या रोग्यास आज याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाहीं. मात्र भस्में विकणारांनीं हुरळून जाऊं नये. आम्ही शब्द घेतला आहे, पुड्या नव्हेत. ज्या रोगांत मूत्रपिंडें आधींच धोक्यांत, त्यांत आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीहि डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

येथें कोणी म्हणेल, ‘रोग्यास हें कशाला सांगावयाचें? तो खचेल.’ आम्ही विचारतों, खचणार तो कीं तुम्ही? दाराआडची कुजबूज त्यानें ऐकलेली असते, भेटावयास आलेल्यांच्या चेहऱ्यांवर त्यानें अहवाल वाचलेला असतो. पुढचा कडक उपचार सोसावा कीं सौम्य पत्करावा, नोकरी ठेवावी कीं सोडावी, मृत्युपत्र केव्हां करावें, हे निर्णय ज्याचे त्यासच न कळवितां इतरांनीं उरकणें यास प्रेम म्हणत असतील, पण तें माणसास हयातींतच वारसांच्या स्वाधीन करणें आहे.

दुसरे महाभाग याहून घातक. ते सांगतात, ‘लढा! मन खंबीर ठेवा!’ त्यांचा हेतु चांगला असेल, परंतु अनुमान काय निघतें? प्रथिन उरलें तें मन कच्चें होतें म्हणून! औषधास न जुमानणाऱ्या पेशींचा अपराध अशा रीतीनें रोग्याच्या माथीं बसतो, आणि अंगांत त्राण नसलेला मनुष्य आपल्याच घरांत आरोपी होतो. धैर्यानें दिवस सुसह्य होतात यांत वाद नाहीं. रक्तांतील प्रथिन मात्र त्यानें मोजलें जात नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमचें सांगणें असें. तपासणीच्या दिवशीं ‘पास कीं नापास’ हा प्रश्न टाकून द्यावा. प्रथिन किती उतरलें, तें स्थिर आहे कीं चढतें आहे, पुढें उपाय कोणते आणि त्यांपायीं रोग्याचे किती दिवस व किती पैसा खर्चीं पडणार, हें विचारावें. आणि विचारावें तें रोग्यानें स्वतः, इतरांनीं त्याच्या शेजारीं बसून. शेजाऱ्यांनीं चौकशी केली तर दुखणें याप्य आहे म्हणून सांगावें. अर्थ कळला नाहीं तर तो समजावून देण्यास पांच मिनिटें पुरेशीं आहेत.