कॅमेऱ्यामागे माणूस कोणाचा?

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यातील सेन्सर फक्त प्रकाश मोजतो. त्या आकड्यांतून रंग कोणता काढायचा, उजेड किती धरायचा, चेहरा किती उजळ करायचा, याचे नियम इमेज प्रोसेसिंगचा इंजिनिअर लिहितो. म्हणजे उन्हात राबणाऱ्या आमच्या मायमाउलीचा फोटो कसा दिसावा, हे तिला कधीही न पाहिलेल्या माणसाने आधीच ठरवून ठेवलेले असते!

हा माणूस निःपक्षपाती असतो काय? इतिहास तसे सांगत नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळविण्यासाठी नमुना म्हणून गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र देत असे. ही ‘शर्ली कार्डे’ अनेक दशके चालली. गोरी कातडी हीच मोजपट्टी ठरली आणि काळे चेहरे अंधारात गेले. फिल्म गेली, पण दोष गेला नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत!

येथे गल्लत होता कामा नये. जात कातडीच्या रंगावर ठरत नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात जात म्हणजे वंशभेद हा सिद्धांत खोडून काढला. आमचा प्रश्न मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हा आहे. अंगठा उमटला नाही म्हणून गरिबाचे रेशन नाकारले गेले, हे आपण पाहिले. २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुराची हजेरी मोबाईलवरील फोटोने घेण्याची सक्ती झाली. फोटो आता हौसेचा राहिला नाही. तो पोटाचा प्रश्न झाला.

आपला माणूस आत असला तर काय घडते? १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीतील कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ कॅरोलिन हंटर आणि छायाचित्रकार केन विल्यम्स यांना कळले की, दक्षिण आफ्रिकेतील काळ्या माणसांना गुलाम ठेवणाऱ्या पासबुकांवरील फोटो आपल्याच कंपनीच्या यंत्रांवर काढले जातात. त्यांनी संघटना बांधली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. पण १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे लागले.

आमच्याकडे घटनेच्या कलम १६(४) चे संरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे. कॅमेऱ्याचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या खासगी कंपन्यांच्या दाराशी ते थांबते. म्हणूनच खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी ही निर्णयाच्या जागेची मागणी आहे.

आणि जे भीमपुत्र, भीमकन्या आज पुण्या-बंगळूरूच्या कंपन्यांत पोहोचले आहेत, त्यांनी ‘आम्ही फक्त कोड लिहितो’ म्हणून हात झटकू नयेत. चाचणीच्या फोटोंत ऊसतोड मजुराचा, सफाई कामगाराचा रापलेला चेहरा आहे काय, हा प्रश्न बैठकीत विचारावा. एकट्याचा आवाज दबतो, म्हणून संघटित होऊन विचारावा. समाजाच्या त्यागावर मिळालेल्या पदवीचे एवढे ऋण तरी आपण फेडणार की नाही?