सोंगणी, वेचणी आणि घरचे हात

दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिनाभराचा काळ देवळी तालुक्यातील चार-पाच एकरांच्या शेतकरी कुटुंबाचे वर्षाचे अर्थकारण ठरवितो. सोयाबीनची सोंगणी, गंजी, हडंब्यावरची मळणी, सीतादही करून सुरू होणारी कपाशीची पहिली वेचणी आणि रिकाम्या झालेल्या वावरात हरभऱ्याची पेरणी, ही सारी कामे एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात. त्यांपैकी एकही पुढे ढकलता येत नाही. वाळलेल्या शेंगा उभ्या पिकातच तडकतात, फुटलेले बोंड पावसात सापडले की कापसाचा रंग जातो, आणि जमिनीतील ओल उडाली की कोरडवाहू हरभरा उगवत नाही.

1970-71 च्या कृषिगणनेत राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आले. एवढ्या जमिनीवर सालगडी परवडत नाही. म्हणून घरच्या बायका, म्हातारी माणसे आणि कॉलेजात जाणारी मुले राबतात. (ऑक्टोबरातील आमचा हजेरीपट कोणी जिज्ञासूने पाहावा, कापूस किती फुटला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.) रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते की, कुटुंबशेती नफ्याचा हिशेब मांडून चालत नाही; घरातील तोंडे आणि हात यांचा मेळ घालीत ती चालते. वेचाई किलोमागे दहा रुपये धरली तर क्विंटलला हजार रुपये होतात. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये होता. म्हणजे सुमारे आठवा हिस्सा नुसत्या वेचाईचा. घरच्या बाईने वेचले तर हे हजार रुपये कोणाच्याच वहीत चढत नाहीत. केंद्रीय कृषिमूल्य आयोग कौटुंबिक श्रमाचे मूल्य धरतो, हे खरे. परंतु तो भाव पदरात पडेल तेव्हाच त्या मूल्याला अर्थ.

नेमके तेच घडत नाही. 2024 च्या हंगामात राज्यातील बाजारांत सोयाबीन बराच काळ 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. अशा वेळी माल ठेवावा असा उपदेश शहरातून होतो. वस्तुतः दारच्या मजुरांची वेचाई, हरभऱ्याचे बियाणे आणि दिवाळी या तिन्हींचा पैसा त्याच पंधरवड्यात लागतो, आणि तो पुरविणारे पीक एकटे सोयाबीन असते. कापसाचा चुकारा नंतरचा. तेव्हा पडत्या भावात विकणे हा अडाणीपणा नव्हे, ती रोकडीची निकड आहे.

या निकडीवर उपाय कागदोपत्री आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत, सहा टक्के व्याज. समजा, दहा क्विंटल सोयाबीनची किंमत चाळीस हजार झाली, तर तीस हजार हाती येतात आणि सहा महिन्यांचे व्याज नऊशे रुपये होते. क्विंटलमागे नव्वद रुपये. भाव चढलाच नाही तर ते अंगावर बसतात, हा धोका मान्य करावाच लागेल. पण पेरणी वेळेवर होते, आणि विकण्याचा दिवस शेतकरी ठरवितो.

अडचण आहे ती दहा पोत्यांच्या धन्याची. ट्रॅक्टरचे भाडे देऊन बाजार समितीच्या गोदामापर्यंत जाणे आणि कागदांसाठी दोन दिवस मोडणे त्याला परवडत नाही. ते दोन दिवस सोंगणीचे असतात. बाजार समित्यांनी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे गोदाम तारणासाठी घ्यावे, तेथेच वजन व ओलाव्याची तपासणी करावी आणि कर्जाची रक्कम आठवड्याच्या आत खात्यात टाकावी. यासाठी नवा कायदा नको. मात्र गोदामाचे कुलूप दसऱ्याला उघडले पाहिजे. दिवाळीनंतर ते उघडले, तर तोवर लहान शेतकऱ्याचे सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावरून गेलेले असते.